सहा टब हळद

ठाणे, १२ जून

चि. प्रितम,

नवा गुडघा बसला. डॉक्टर म्हणतात, वीस वर्षं टिकेल. म्हणजे माझ्यापेक्षा जास्त. आसावरीच्या या सतराव्या मजल्यावरून खाडी दिसते, माणसं दिसत नाहीत. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, आणि तुझं बोलणं तर समोर बसूनही अर्धंच कळतं, म्हणून पत्र. आमचे जावई मुकुल दर मंगळवारी कंपनीच्या कामाला डोंबिवलीत येतात. कोपर स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर माझं पत्र देतील, तुझं घेतील. ते काही चार जिने चढून वर येणार नाहीत.

तुझ्या बाबांनी मला बजावलं होतं, "अक्का, त्याच्या हाती घर देऊ नकोस. तो दूध आणायला जातो आणि नाशकाहून फोन करतो." तरी दिलं. का, तर गच्चीवरचे सहा टब. त्यात माझ्या आईकडून आलेली हळद आहे. माझ्या लग्नात हीच लागली, आसावरीच्या लग्नात हीच. फेब्रुवारीत आसावरीच्या लेकीला, संचिताला, हीच लागायची आहे. हळदीला नऊ महिने लागतात. पुढच्या वर्षीचं बेणंही त्यातूनच निघतं. ते गेलं तर जगात दुसरीकडे कुठे नाही.

काय काय करायचं ते दोन कागदांवर लिहून फ्रिजला लावलं आहे. दोन्ही वाच. आणि संचिता तुझ्याहून वर्षाने मोठी असली तरी तू नात्याने तिचा मामा आहेस, हे विसरू नकोस.

मंदाकिनीआत्या


कोपर, २४ जून

आत्या,

पत्राच्या डोक्यावर काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं त्या दिवशी मी बहुतेक तलावावर होतो. नमस्कार समजून घे.

तर हळद. कालच लिहायला बसलेलो, पण ओट्यावर मुंग्यांची रांग दिसली. तू पूर्वी करायचीस तसं हळदीची रेघ ओढली. मुंग्या थांबल्या, आपसात मीटिंग घेतली आणि रेघेच्या कडेकडेने निघाल्या. मी पण रेघ वाढवत गेलो. त्या पुढे, मी पुढे. असं करत खिडकीपर्यंत आलो तर खाली एक माणूस सायकलवर अख्खा सोफा घेऊन चाललेला. तो कसा नेतो बघायला गेलो, तो थेट ठाकुर्लीपर्यंत. नेला त्याने, आत्या. मानलं.

पाचव्या टबात कोंब आलाय! गुंडाळलेल्या छत्रीसारखा. बाकीच्यांत पण हालचाल आहे. पहिला कागद पाठ झाला: पाणी साचू द्यायचं नाही, शेणखत महिन्यातून एकदा, कबुतरं हाकलायची. स्वयंपाकघरातलं टेबल डुगडुगत होतं, ते पण ठीक केलं. बाबांना सांग.

प्रितम


ठाणे, ५ ऑगस्ट

चि. प्रितम,

नागपंचमीला तू पाठवलेली पानं पोचली. त्यांत तांदळाचे पातोळे उकडले. कुकरचं झाकण उघडल्यावर असा वास सुटला की समोरच्या फ्लॅटमधल्या बाई, ज्यांनी दोन महिन्यांत मान वर करून पाहिलं नव्हतं, त्या वाटी घेऊन आल्या. संचिताने सहा खाल्ले आणि म्हणाली, "आजी, मामाला सांग, असाच राहा." मुकुलनी आठ खाल्ले आणि ताट पुन्हा पुढे केलं.

मला खोटं बोलायचं नाही: तू दोन महिने टिकशील असं मलाही वाटलं नव्हतं.

आत्या


कोपर, १६ सप्टेंबर

आत्या,

पानं माझ्या कमरेच्या वर गेलीयेत. संध्याकाळी त्यांच्यात बसलो की गावच्या बागेत बसल्यासारखं वाटतं, फक्त खाली फेरीवाला ओरडतो.

मला काम मिळालं. झालं असं, की आंबिवलीला एक जुना पूल आहे असं कुणीतरी सांगितलं. पूल काही सापडला नाही, पण मोहन्याला पोचलो. तिथे सोनलच्या टेम्पोचं चाक खड्ड्यात गेलेलं. सोनल म्हणजे हळदीचं डेकोरेशन करते ती. झेंडूच्या माळा, पिवळे पडदे, पिवळ्या छत्र्या, सगळं पिवळं. आमच्या इकडच्या गावांत हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, तुला माहितीये. डीजे, हजार माणूस, आणि नवरदेव बिचारा पाटावर लोणच्यातल्या कैरीसारखा. मी टेम्पो ढकलला. सोनल म्हणाली, "ढकलता येतं, माळा ओवता येतात का?" म्हटलं, येतात. येत नव्हत्या. सोनलला ते दहा मिनिटांत कळलं. पण सोनलच्या बोटात तार घुसली तेव्हा मीच पळत जाऊन हळद आणून दाबली, रक्त थांबलं. मग सोनल म्हणाली, उद्यापासून ये.

सोनलची आई मालनमावशी झणझणीत पिठलं करते. टब ठीक आहेत.

प्रितम


ठाणे, २३ सप्टेंबर

चि. प्रितम,

पत्रात 'सोनल' सात वेळा आली आणि 'टब' एकदा. मी शाळेत चौतीस वर्षं निबंध तपासले आहेत. विषयांतर कुठलं आणि विषय कुठला, मला कळतं.

तिच्या बोटाला टाके लागले असते तर? हळद लाव, पण डॉक्टरकडेही ने.

आत्या


कोपर, २९ नोव्हेंबर

आत्या, घाईत. लग्नाचा सीझन सुरू झालाय. सोनलच्या टेम्पोबरोबर मुरबाडला चाललोय, दोन दिवस. टबांना भरपूर पाणी घातलंय. परत आलो की सविस्तर लिहितो.

प्रि.


ठाणे, ५ जानेवारी

चि. प्रितम,

पाच आठवडे झाले. मुकुल चार मंगळवार टपरीवर चहा पिऊन परत आले. त्यांना आता तो चहा आवडू लागला आहे, तेवढाच फायदा.

संचिताची पत्रिका छापून आली. पहिली पत्रिका देवापुढे ठेवताना तिच्या चार कोपऱ्यांना हळद लावली. जपून ठेवलेली गेल्या वर्षीची शेवटची चिमूट होती. आता बरणी रिकामी. एकवीस फेब्रुवारीला हळद, बावीसला लग्न. सगळी मदार तुझ्या टबांवर.

एवढंच कळव: पानं पिवळी पडली का?

आत्या


कोपर, ६ जानेवारी

आत्या,

पिवळी? छे! असं कोण म्हणालं? हिरवीगार आहेत. एकदम टवटवीत. एक पान पण पिवळं नाही, शोधून सापडणार नाही. उलट रोज नवीन येतायत. शेजारच्या बिल्डिंगमधले लोक बघायला येतात. मुरबाडला दोनाचे चार दिवस झाले एवढंच. पत्र लिहायचं राहिलं कारण पेन संपलेलं.

तू गुडघ्याला जप. घाईघाईने इकडे यायची अजिबात गरज नाही.

तुझा प्रितम


ठाणे, १२ जानेवारी

चि. प्रितम,

जानेवारीत हिरवीगार? नवल आहे. माझ्या पन्नास वर्षांत असं झालं नाही. मुकुलबरोबर चार पानं पाठव. संक्रांतीला पातोळे कुणी करत नाही, पण मी करीन म्हणते.

आत्या


कोपर, १३ जानेवारी

आत्या, पानं पाठवतोय. वास जरा कमी वाटेल. थंडीमुळे असावा. सोबत तिळाच्या वड्या, मालनमावशीने दिल्यात. गोड बोल.

प्रितम


ठाणे, १७ जानेवारी

चि. प्रितम,

वड्या छान होत्या. पानं चुरगाळून नाकाला लावली. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला. आसावरीने हुंगलं, संचिताने हुंगलं, मग मुकुलना हुंगायला लावलं. ते म्हणाले, "जेवायला काय आहे?"

तर आता तुझ्या कर्दळीला फुलं लाल येतात की पिवळी, ते कळव.

प्रितम, मी चिडून लिहीत नाहीये. दोनदा चिडून लिहिलं, दोन्ही कागद फाडले, हा तिसरा. कर्दळ आणि हळद पानावरून सारखी दिसतात, मान्य. नर्सरीवाल्याने तुला छान गंडवलं असेल किंवा तू त्याला. पण तू ती का आणलीस, हे मला कळलं आहे असं वाटतं. तू मुरबाडहून परत आलास, पानं पिवळी होऊन वाळून लोळत होती, आणि तुला वाटलं, आपण मारली. हो ना?

अरे, हळद अशीच तयार होते. डिसेंबर-जानेवारीत वरची पानं पिवळी पडतात, वाळतात, आडवी होतात. तीच खूण, की खाली पीक भरलं, आता काढा. मी विचारलं ते त्यासाठी. दुसऱ्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: "पानं वाळली की घाबरू नकोस."

तू ती मारली नव्हतीस. उत्तम पिकवली होतीस.

आता एकच सांग आणि खरं सांग. टबांतली माती कुठे टाकलीस?

आत्या


कोपर, २१ जानेवारी

आत्या,

हे पत्र मी बाहेर जिन्यात बसून लिहितोय. त्या टेबलापाशी बसवत नाहीये. दुसरा कागद सापडला. टेबलाच्या पायाखाली होता, आठ घड्या घालून. जूनपासून. डुगडुग बंद केलेली ना, त्यानेच.

सगळं सांगतो. मुरबाडचे दोन दिवस, मग शहापूरला एक हळद, मग तिथल्या एका माणसाने सांगितलं की डोंगरावर एक टाकं आहे, त्यात उन्हाळ्यातही पाणी असतं. सव्वीस दिवस झाले. परत आलो तर सगळी पानं मेलेली. मी गच्चीवर बसून रडलो, खरंच. मग टब उलटे केले. गच्च गोळे पडले. वाटलं, मुळं आहेत. हळदीचा काय वास सुटला म्हणून सांगू! मला अजून रडायला आलं. म्हटलं, बिचारी मेल्यावर पण वास देते. डोळे पुसत सहाच्या सहा गोण्यांत भरले.

मोहन्याला सोनलच्या अंगणात खडक आहे. मालनमावशीला मिरच्या लावायला माती हवी होती. गोण्या तिला दिल्या.

काल तुझं पत्र वाचलं आणि तसाच पळालो. आंबिवलीला रिक्षावाला म्हणाला, "काय झालं, हॉस्पिटल का?" म्हटलं, हळद. तो म्हणाला, "डीजे कोणाचा आहे?"

अंगणात पोचलो तर पत्र्यावर हळकुंडं वाळत घातलेली, पिवळीधमक. मावशी मूळची सांगलीकडची, तिला यातलं सगळं येतं. गोळे फोडल्या फोडल्या तिने ओळखलं. उकडली, वाळवली. गड्डे बेण्याला म्हणून बाजूला काढून वाळूत पुरून ठेवले. आत्या, मी एक हळकुंड उचलून हुंगलं, तोच वास.

म्हटलं, "मावशी, ही हळद मला परत पाहिजे."

तर मावशी पदर खोचून पुढे आली. म्हणाली, "परत? आरं, पोरगा लेकीच्या घरी सहा गोण्या हळद घिऊन येतो, डोळं लाल, तोंडातनं शब्द फुटंना. म्या काय समजायचं?"

"काय समजलात?"

"मागणी घातली आसं समजलो की! सोनलच्या हळदीसाठनं ठिवलीया ती. साऱ्या गल्लीला सांगून झालंय माझं."

सोनल मागे झेंडूच्या माळा ओवत होती. तिने मान वर केली नाही. पण सुई थांबलेली.

मी काय बोललो असेन? हळद माझी नाही हे बोललो तर मावशीची गल्लीत शोभा. माझी आहे बोललो तर संचिताचं काय? आणि तिसरं पण एक होतं, ते सोनलसमोर बोलता येईना. शेवटी म्हटलं, "मला पानं वाळली की हळद मरते असं वाटलेलं." सोनल इतकी हसली की माळ तुटली. मावशी नाही हसली. म्हणाली, "जिची हळद हाय तिला आण. तिच्याच वटीत घालीन. तुज्या हातात न्हाई द्यायची."

गुडघा कसा आहे?

प्रितम


ठाणे, २९ जानेवारी

चि. प्रितम,

काल तू अंगणाच्या दारात ताटकळत उभा होतास आणि आम्ही तुला आत घेतलं नाही, म्हणून आत काय झालं ते लिहिते.

मालनताईंनी आधी मला खुर्ची दिली, मग पाणी, मग गूळ, आणि मग सरळ विचारलं, "पोरगं कसं हाय?" मी म्हटलं, "चांगला आहे, पण ठिकाणावर नसतो. वाचायला दिलेलं अर्धंच वाचतो." त्या म्हणाल्या, "आमचं मालक कारखान्यात तीस वर्सं एका जाग्याव हुतं. ठिकाणावरच हुतं. माझ्याशी चार शब्द बोललं न्हाईत. ह्यो निदान बोलतो."

मग मी त्यांना माझ्या आईचं सांगितलं, बेण्याचं सांगितलं, संचिताचं सांगितलं. त्या उठल्या, सूप आणलं आणि हळकुंडं दोन ढिगांत वाटली. एक ढीग माझ्या ओटीत. म्हणाल्या, "ही तुमच्या नातीची. ही माझ्या लेकीची, कवा का लागंना."

मी म्हटलं, दळून घ्यायला सुवासिनी बोलवायला हव्यात. मी काही जात्याला हात लावणार नाही, तुझे काका गेल्यापासून लावलेला नाही. त्या म्हणाल्या, "म्या बी तसलीच. लावाय चालतंय, राखाय चालतंय, मग दळायलाच का न्हाई?" आणि जातं ओढून पुढ्यात ठेवलं. मी सात वर्षांनी खुंटा धरला, प्रितम. नवा गुडघा वाकला नाही म्हणून खुर्चीवर बसून, तिरकी होऊन, पण धरला. पहिली मूठ दळली आणि वास आला. तो माझ्या आईच्या स्वयंपाकघराचा होता. बाकीची आता संचिताच्या हळदीला दळू.

सोनल मला रिक्षापर्यंत सोडायला आली. मी विचारलं, "तुझं काय म्हणणं?" ती म्हणाली, "आजी, हळद दोघींनी वाटून घेतलीत, मला कुणी विचारलंच नाही. त्याला सांगा, एकदा स्वतः लावू दे, स्वतः काढू दे, न पळता. मग मी बोलेन."

निरोप पोचवला. कर्दळ काढू नकोस. फुलं लाल आली तर मला आवडतात.

आत्या


कोपर, २४ फेब्रुवारी

आत्या,

तू अजून ठाण्यालाच आहेस आणि घर रिकामं वाटतंय, म्हणून लिहितोय.

हळदीच्या दिवशी वाटीत हळद कालवायचं काम मला दिलेलंस, ती हातावरून जात नाहीये. साबण, लिंबू, सगळं करून झालं. लग्नात मामा म्हणून संचिताला मांडवात घेऊन चाललेलो, ती हळूच म्हणाली, "ए मामा, हात धुतलेस ना? साडी भारी आहे." म्हटलं, धुतलेत गं, हा रंग पक्काय. तर तिने हात अजून घट्ट धरला. आणि अंतरपाटामागे तीच रडायला लागली, मी नाही. मी फक्त वर बघत होतो. मंडपाचं डेकोरेशन चांगलं होतं. कुणी केलेलं ते तुला माहितीये.

प्रितम


मोहने, ३ जून

आत्या,

तू आता कोपरला परत आलीयस, लाल कर्दळीबरोबर. मी इथे सोनलच्या गल्लीच्या टोकाला खोली घेतलीय. तुझ्या वाट्याचं बेणं मंगळवारी घेऊन येतो, तीन टब तुझे. बाकीचे तीन टब मातीने भरून खोलीबाहेर ठेवलेत, मावशीने गड्डे मोजून दिले. म्हणाली, मोजून परत घेईन.

काल शहापूरचा तो टाक्यावाला माणूस भेटला. आता त्याने एक गुहा शोधलीय, म्हणे आत नदी वाहते. मी खूप काही विचारलं. किती लांब, कुठून उतरायचं, पाणी केवढं. मग म्हटलं, फेब्रुवारीनंतर बघू. तो म्हणाला, आजारी आहेस का? पलीकडे सोनल टेम्पोत पडदे भरत होती. तिने ऐकलं आणि भरलेले पडदे काढून पुन्हा भरले.

एक काम कर. टेबलाखालचा कागद घड्यांवर फाटला, अक्षर लागत नाही. तो दुसरा कागद मला नवीन लिहून दे. पहिला मला पाठ आहे.

टबांना हात लावायच्या आधी वाचतो.

प्रितम